राखी जास्वंदीच्या नऊ काड्या

या, जरा जवळ सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही. पूर्वी लागायचा तसा आता लागत नाही. एक कथा सांगतो. हिच्यात राजा नाही, राणी नाही, आणि वरून कुणी फुलंही उधळत नाही. एक फूल आहे खरं, पण तेही शेवटपर्यंत टिकत नाही. तरी ऐका. माणसं खरी आहेत, आणि त्यातली एक माझ्या पाठची बहीण होती.

आमच्या घरात तिला धाकटी म्हणत. लग्न झालं, मुलगी झाली, केस पांढरे झाले, तरी ती धाकटीच. तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, पुस्तकं बांधायचे. खालच्या खोलीत त्यांचं सामान: लोखंडी दाब, खळीचं भांडं, रंगीत दोऱ्यांची रिळं, सुटी पानं. आणि वर गच्चीत धाकटीचं राज्य. कुंड्या, फुटके टब, तेलाचे रिकामे डबे, आणि सगळ्यांत जास्वंदी. सकाळी उन्हं चढायच्या आत ती एका फुलाचे पराग बारीक ब्रशावर घ्यायची, दुसऱ्या फुलाला लावायची, आणि देठाला नवऱ्याच्या रिळातला दोरा बांधायची. लाल दोरा म्हणजे अमक्या झाडाचं, निळा म्हणजे तमक्याचं. बी धरलं तर पेरायचं आणि वर्ष-दीड वर्ष वाट बघायची. शंभरातली नव्व्याण्णव रोपं अगदी चारचौघींसारखी निघत. ती वाटून टाकायची.

"स्थळं जमवतेय," मेहुणे म्हणायचे. "पोटच्या पोरीचं बघायला सवड नाही, जास्वंदींची लग्नं मात्र दणक्यात."

"तुम्ही दोरा पुरवा, अक्षता मी टाकते," ती वरूनच ओरडायची.

मी हसायचो. माझी भाची हसायची नाही.

अशी सतरा वर्षं गेली आणि एका सकाळी धाकटीने मला शाळेत निरोप पाठवला, असशील तसा ये. मी गणिताचा मास्तर, तास सोडून जाणाऱ्यांतला नव्हे, पण गेलो. गच्चीत एका डब्यातल्या झाडावर एक फूल होतं. रंग राखी. विझलेल्या राखेचा नव्हे. फुंकर घातली तर आतून जांभळी धग दिसेल अशा राखेचा, आणि मधोमध पितळेचा ठिपका. मला फुलातलं काही कळत नाही, पण मी पायातल्या चपला काढून उभा राहिलो, एवढं आठवतं. जास्वंदीचं फूल एक दिवसाचं. संध्याकाळी ते मिटलं तेव्हा धाकटी म्हणाली, "दादा, असं दुसरं कुठे नाही. आता हे जगवायचं."

ते झाड दोन वर्षं फुललं. तिसऱ्या वर्षी धाकटी गेली. रक्ताचं दुखणं होतं, चार महिन्यांत आटोपलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. अशा झाडाचं बी पेरलं तर तेच झाड येत नाही, वेगळंच काही येतं. तेच हवं असेल तर त्याची काडी घेऊन दुसऱ्या दणकट झाडावर कलम बांधायचं. तेवढा एकच रस्ता. मेहुणे तोवर वरच्या झाडांना नुसतं पाणी घालायचे. बायको गेल्यावर ते बागवान झाले. पुस्तकं आणून वाचायचे, हातात चिखल, चष्म्यावर चिखल. गावातल्या नर्सरीवाल्याने तीनदा कलमं बांधली, तिन्ही वेळा वाळली. चौथ्या वर्षी मूळ झाडाच्या मुळाशी कूज लागली. एकेक फांदी काळी पडत गेली आणि शेवटी एक उरली.

तेव्हा भाचीचा फोन आला. ती परदेशात एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या गावापासून दोन तासांवर एक म्हातारं जोडपं राहत होतं. कलमांच्या जगात त्यांचं नाव फार मोठं. कुठेही न धरलेलं झाड त्यांच्याकडे धरतं, अशी ख्याती. मेहुण्यांनी त्यांच्याबद्दल इतकं वाचलं होतं, की ते त्यांना नुसतं 'मोठी माणसं' म्हणायचे. भाचीने पत्र टाकलं होतं आणि उत्तर आलं होतं: घेऊन या.

"बाबा, तुम्ही एकटे येऊ नका," ती म्हणाली. "मामाला आणा. तुम्ही विमानतळावर कुंडी बघितली तरी थांबाल."

"मास्तरांना कशाला? ते प्रत्येक ठिकाणी हिशेब शिकवत बसतील," मेहुणे म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. धाकटी गेल्यावर पहिल्यांदा.

नियम कडक होते. माती नको, पान नको, सरकारी तपासनिसाचा शिक्का हवा. निघायच्या आदल्या दिवशी मेहुण्यांनी ती शेवटची फांदी उतरवली. तिच्यातून अकरा काड्या निघाल्या, प्रत्येक चार बोटं लांब. पानं खुडली, टोकं मेणात बुडवली, ओल्या कागदात गुंडाळून चष्म्याच्या दोन जुन्या डब्यांत ठेवली. मी शेजारी बसून बघत होतो.

"ही वरची बाजू आणि ही खालची, हे लक्षात कसं राहतं?" मी विचारलं. पानं नसली की काडी दोन्हीकडून सारखीच.

"तिची रीत," ते म्हणाले. "वरचं टोक तिरकं कापायचं, म्हणजे पाणी साचत नाही. खालचं सरळ, म्हणजे मातीत नीट बसतं. तिरकं ते वर. दहा हजार वेळा ऐकलंय मी."

फांदी उतरवल्यावर मूळ झाडात काही उरलं नव्हतं. जे होतं ते त्या दोन डब्यांत. विमानात मेहुण्यांनी ते डबे शर्टाच्या आत ठेवले. उतरल्यावर तिकडच्या तपासनिसाने तपासणीसाठी दोन काड्या काढून घेतल्या. नऊ राहिल्या.

मोठ्या माणसांचं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. दिवस असून उजेड कमी. आभाळ खाली आलेलं, फरशा ओल्या. पुढे बैठं घर, मागे झाडांसाठी बांधलेलं लांबलचक काचघर. काचांवर आतून वाफ धरलेली. आजीबाईंनी दार उघडलं. वाळकी, ताठ बाई, केसांत पेन्सिल खोचलेली. तिच्या मागे म्हातारबुवा. हात एवढे मोठे, की मनगटापुढे दुसऱ्याच माणसाचे वाटावेत.

मेहुणे वाकले ते वाकलेच राहिले. भाचीने कोपराने ढोसलं तेव्हा सरळ झाले.

चहा झाला. आजीबाईंनी कपाचा कान नवऱ्याच्या बोटांकडे वळवून ठेवला, हे मी पाहिलं. म्हातारबुवा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नाही, वीतभर बाजूला बघत, हेही पाहिलं. पण पाहुणा माणूस किती पाहणार? मला वाटलं, मोठ्या माणसांची लकब असेल.

काचघरात जस्ताच्या पत्र्याचं टेबल होतं. त्यावर ज्यांच्यावर कलम बांधायचं ती दणकट खुंटरोपं काळ्या पिशव्यांत ओळीने तयार होती. पट्टीची गुंडाळी, धार लावायचा दगड, आणि एक चाकू, मूठ झिजून अंगठ्याच्या आकाराची झालेली. आजीबाई पाठ करून खिडकीपाशी बसल्या. समोर जाडजूड नोंदवही. त्या घरात येणाऱ्या प्रत्येक झाडाची नोंद तिच्यात व्हायची: झाड कसं, आई-बाप कोण, करणारं कोण, आणि पुढे काय झालं. काड्या हे नवऱ्याचं काम, वही हे बायकोचं. एकाने दुसऱ्याच्या कामात बघायचं नाही, असं चाळीस वर्षं चाललेलं.

"करणाऱ्याचं नाव?" त्यांनी भाचीमार्फत विचारलं.

मेहुण्यांनी धाकटीचं पूर्ण नाव सांगितलं, एकेक अक्षर सावकाश. आजीबाईंनी लिहून दाखवलं. परक्या लिपीत ते कसं दिसतं ते मेहुणे खूप वेळ बघत राहिले.

"नऊच्या नऊ आज बांधायच्या का?" आजीबाई म्हणाल्या. "दोन राखून ठेवल्या तर बरं. आम्ही तसं करतो."

भाचीने सांगितलं. मेहुण्यांनी मान हलवली. "राखायच्या कशाला? इथवर आलोय ते यांच्या हातासाठी. सगळ्या यांच्याच हातून होऊ देत."

म्हातारबुवांनी पहिली काडी उचलली. डोळ्यांजवळ नेली नाही. दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. एक सरळ, एक तिरकं. तिरकं टोक त्यांनी खाली धरलं.

तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कोड्यात ठेवत नाही. त्यांच्या बागेतली रीत उलटी होती. तिथे काडीचं वरचं टोक सरळ कापत आणि खालचं तिरकं, कारण खालच्या टोकाची पाचर करून ते खुंटात खोचायचं असतं. त्या काचघरात चाळीस वर्षांत आलेली प्रत्येक काडी तशीच कापलेली. नीट दिसत असतं तर पानाच्या देठाची खूण कुठे आणि कोंब कुठे, हे बघून कुणालाही वर-खाली कळलं असतं. पण म्हातारबुवांना दिसत नव्हतं. बोटंही बधिर झाली होती. त्यांच्याकडे उरली होती ती फक्त रीत, आणि धाकटीची रीत वेगळी होती.

दोन झटक्यांत पाचर झाली. खुंटाला चीर, चिरेत पाचर, वर पट्टी. हात असा चालत होता, की एखाद्या कसलेल्या गवयाने डोळे मिटून आलाप घ्यावा.

मेहुण्यांचा हात वर गेला. मी शेजारी होतो, मी पाहिलं. तोंडही उघडलं.

"बाबा, काही म्हणायचंय?" भाचीने विचारलं.

म्हातारबुवा थांबले. कान इकडे वळवला.

मेहुण्यांचा हात खाली आला. "नाही, काही नाही," ते म्हणाले. "त्यांना म्हणावं, हात फार सुरेख चालतो."

भाचीने ते सांगितलं. म्हातारबुवा लहान मुलासारखे लाजले आणि त्यांनी हौसेने दुसरी काडी उचलली. मग तिसरी. नववी बांधून होईपर्यंत मेहुणे जागचे हलले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, काचघरातली ऊब.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, मास्तर. दमलो."

कलम धरलं की नाही हे कळायला तीन आठवडे लागतात. आम्ही भाचीच्या घरी राहिलो. चौथा मजला, दोन खोल्या, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या. भाची सकाळी कामावर जायची, आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून राहायचो. मेहुणे जेवत नव्हते. त्यांनी भाचीची सगळी पुस्तकं काढून सुटलेल्या पाठी चिकटवल्या. पुस्तकं संपली तेव्हा परत उसवून परत चिकटवल्या.

पाचव्या दिवशी खाली कपडे धुवायच्या दुकानात आम्ही बाकावर बसलो होतो. यंत्रात भाचीच्या चादरी फिरत होत्या. तिकडे बघत ते म्हणाले, "त्यांनी उलट्या बांधल्या."

मला आधी कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, तसं मी तुम्हाला सांगितलं.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, त्यांची काही खास युक्ती असेल." ते हळूच म्हणाले. "पहिल्या काडीला असं वाटलं. दुसरीला वाटलं, आता सांगितलं तर पहिलीबद्दल त्यांना लाज वाटेल. तिसरीला वाटलं, आता काय तोंडाने सांगू, दोन झाल्यावर? मास्तर, पुस्तकात पानांचा एक फर्मा उलटा शिवला गेला तर मी झोपेतून उठून उसवतो. आणि तिथे नऊ वेळा... एवढा मोठा माणूस. त्याला मी, खळ लावणारा, सांगू की दादा, उलटं धरलंत?"

"आत्ता जाऊ. आत्ता सांगू."

"आता पाचर झाली, चीर पडली. सोडवलं तर जी चार दिवस जगली असती तीही मरेल." मग थोड्या वेळाने: "उलटंसुद्धा कधी कधी धरतं म्हणे. मी वाचलंय. क्वचित."

त्या 'क्वचित'वर आम्ही दोघं बसून राहिलो. खरं सांगायचं तर मीही गेलो नाही. मलाही त्या मोठ्या हातांना काही सांगायचा धीर झाला नाही. रोज देवापुढे हात जोडून मी म्हणायचो, एक धरू दे. नऊ नको, एक. देवाकडे मागताना माणूस किती लहान होतो.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. आजीबाई. एकट्याच आल्या होत्या, दोन तास गाडीत बसून. भाची त्या दिवशी सुट्टीवर होती, म्हणून निभावलं. आजीबाईंनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून एक काडी. वाळकी, सुरकुतलेली. टेबलावर ठेवली. मग पेन्सिलीच्या टोकाने पानाच्या देठाची खूण दाखवली आणि काडी हळूच फिरवून सरळ केली.

कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"आठ अजून बांधलेल्या आहेत," भाची सांगू लागली. "पण त्यांनी नखाने साल खरवडून बघितली. एकीतही हिरवं नाही."

आजीबाई रडत होत्या, पण आवाज न करता, पाठ ताठ ठेवून. त्या भराभर बोलत होत्या आणि भाचीला तोडून तोडून सांगावं लागत होतं. दोन वर्षांपासून नवऱ्याची नजर जात चालली आहे. त्यांना वाटतं, बायकोला माहीत नाही. बायको त्यांना वाटू देते. चाकू हातात देते, कप वळवून ठेवते. आजवर चूक झाली नव्हती, कारण काड्या सगळ्या त्यांच्या रीतीने कापलेल्या यायच्या. "मी त्या दिवशी मान वळवून एकदा बघितलं असतं तर!" त्या म्हणाल्या. आणि मग आणखी काही म्हणाल्या, ते भाचीने आधी सांगितलं नाही.

"काय म्हणतात?" मेहुण्यांनी विचारलं.

भाचीचा चेहरा लाल झाला होता. "म्हणतात, त्यांना सांगू नका. कळलं तर चाकू खाली ठेवतील. आणि चाकू ठेवला की ते फार दिवस राहायचे नाहीत. म्हणतात, हवं तर मला बोला, काय वाटेल ते बोला."

"बरं," मेहुणे म्हणाले.

"बरं काय, बाबा? बरं काय?" भाची उसळली. "आईचं झाड गेलं ते गेलंच, वर आपण खोटंही बोलायचं? माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ती आली नाही, का, तर त्या सकाळी एका फुलाला ब्रश लावायचा होता! सतरा वर्षं मी त्या गच्चीचा राग केला. मग वाटलं, जाऊ दे, निदान ते फूल तरी जगात राहील, म्हणून मी या लोकांना पत्र लिहिलं. मी लिहिलं, बाबा! आणि आता ह्यांच्या म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून..."

आजीबाईंना शब्द कळत नव्हते, पण त्यांनी खाली बघितलं.

"तू भांडतेस ते बरोबर आहे," मेहुणे म्हणाले. "पण बोलायची वेळ होती तेव्हा मी बोललो नाही. तेव्हा एका शब्दाने झाड वाचलं असतं. आता बोललो तर काडीला काही नाही, फक्त त्यांना लागेल." मग ते आजीबाईंकडे वळले आणि त्यांनी नुसते हात जोडले.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही निरोप घ्यायला गेलो. म्हातारबुवा काचघरात उभे होते. आठ कलमं त्यांनी स्वतः सोडवली होती. पट्ट्यांचे तुकडे टेबलावर नीट एकावर एक रचलेले. काड्या त्यांनी एकेक करून हुंगल्या होत्या म्हणे. आम्हाला पाहून, म्हणजे आमच्या पावलांचा आवाज ऐकून, त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि मेहुण्यांचे हात धरले.

मग बोलले. भाचीने एकेक वाक्य सांगितलं.

"मी विचारतो त्याचं खरं उत्तर द्या. तुम्ही समोर उभे होतात. माझ्या हातून काही चुकलं का? मला खरं सांगणारं आता इथे कुणी राहिलेलं नाही."

आजीबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली.

बघा, काय पेच घातला देवाने! जो माणूस बोलायच्या वेळी गप्प बसला, त्याच्यापुढे पुन्हा बोलायची वेळ आणून उभी केली, आणि तीही खरं मागणाऱ्याच्या तोंडून. मी मेहुण्यांकडे बघितलं. भाचीनेही बघितलं. तिच्या डोळ्यांत एकच होतं: सांगा, बाबा.

मेहुणे म्हणाले, "नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"मग?"

"काड्याच कमजोर होत्या. झाड मुळातच अशक्त होतं."

भाचीने ते लगेच सांगितलं नाही. म्हातारबुवा कान देऊन वाट बघत राहिले. शेवटी तिने सांगितलं, एका सुरात, भिंतीकडे बघत. आणि त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. खांदे खाली आले. श्वास सुटला. त्यांनी मेहुण्यांचे हात आणखी घट्ट दाबले.

"मलाही तेच वाटलं होतं," ते म्हणाले. "साल पातळ होती. वाईट वाटून घेऊ नका. अशी झाडं दिसायला कितीही सुंदर असली तरी जगण्यासाठी नसतात. करणाऱ्याने ते ओळखायला हवं असतं." मग बायकोकडे तोंड करून म्हणाले, "लिही. पुढच्या माणसाचे कष्ट वाचतील."

करणाऱ्याने ओळखायला हवं असतं. हे वाक्यसुद्धा माझ्या भाचीने पूर्ण सांगितलं, काही न गाळता. आईबद्दलचं.

आजीबाईंनी लिहिलं. धाकटीच्या नावापुढे एक रिकामा रकाना होता. त्यात दोन शब्द, ते भाचीने मला हळूच वाचून दाखवले. अक्षर स्वच्छ आलं. मेहुण्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. त्यांनी काय लिहिलं ते विचारलंही नाही.

परतीच्या प्रवासात ते एकदाच बोलले. "मास्तर," म्हणाले, "वर गेल्यावर भेटली की तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "ती रागावेल. मग हसेल." ते मला पटलं नव्हतं. त्यांनाही पटलं नाही.

आता ते पुन्हा पुस्तकं बांधतात. गच्चीतल्या कुंड्या त्यांनी देऊन टाकल्या. भाचीचे फोन येतात, पण ती बाबांशी हवापाण्याचं बोलते आणि माझ्याशी बोलायचं टाळते. मी त्या टेबलापाशी उभा होतो आणि मीही काही म्हटलं नाही, हे ती विसरलेली नाही. तिचं चूक नाही. म्हातारबुवा वारल्याचं पत्र मागच्या वर्षी आलं. आजीबाईंनी लिहिलं होतं, शेवटच्या आठवड्यापर्यंत चाकू चालू होता.

मी मेहुण्यांना दोष देत नाही. त्या म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत आमच्या घरातून थोडं समाधान गेलं असेल, तर ते देवाच्या पायाशी पोचलं असेल, एवढी माझी श्रद्धा आहे. पण एक गोष्ट मला सुखाने डोळा लागू देत नाही. ते फूल या जगात होतं, याची सगळ्या पृथ्वीवर एकच लिखित नोंद आहे. परक्या देशात, परक्या लिपीत, एका जाडजूड वहीत. तिथे माझ्या बहिणीचं नाव आहे, आणि नावापुढे लिहिलंय: झाड अशक्त.

ते झाड अशक्त नव्हतं. फुटक्या डब्यात, चार मुठी मातीत, कुणाची मदत नसताना ते वाढलं आणि फुललं. मी पाहिलंय. अनवाणी उभं राहून पाहिलंय. हे सांगायला त्या वहीपाशी मी आता पोचणार नाही, म्हणून तुमच्यापाशी आलो. उद्या सकाळी हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली, की एक क्षण थांबा आणि माझ्या धाकटीची आठवण काढा. तिचं नाव ठाऊक नसलं तरी चालेल. जिने राखेच्या रंगाचं फूल केलं ती, एवढंच म्हणा.